सदाशिवचं फाटक

पौष लागला की आमच्या केडगावात संध्याकाळचा धूर जमिनीलगत रेंगाळतो. घरामागे पूर्वी सगळी ज्वारीची शेतं होती. आता प्लॉट पडले, बंगले झाले, तरी दोन-तीन पट्टे अजून कुणी कुणी पेरतं. तिथे कुठेतरी गोवऱ्या पेटतात, कोवळी कणसं निखाऱ्यात जातात आणि तो वास खिडकीतून आत येतो. मी हातातलं पुस्तक मिटतो. बायको होती तेव्हा ती विचारायची, "खिडकी लावू का?" मी नको म्हणायचो. हा वास मला हवाही असतो आणि सोसवतही नाही, हे तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

यंदा एका जुन्या विद्यार्थ्यानं आपल्या शेतावर हुरड्याला बोलावलं. हुरडाही आता बदलला आहे. मंडपात खुर्च्या, चटण्यांच्या ओळीनं मांडलेल्या वाट्या, मुलांसाठी झोपाळा. मी हुरडा भाजायच्या आगटीपासून लांब बसलो. निघताना एक तरुण प्राध्यापक, माझ्या विद्यार्थ्याचा विद्यार्थी, मागून येणाऱ्याला म्हणाला, "ए, फाटक लाव. सदाचं फाटक करू नको."

त्याच्या बायकोनं विचारलं, "सदा कोण?"

"काय माहीत. असंल कोणतरी येडं. आमच्या विद्यापीठात म्हणायची पद्धत हाय."

ती पद्धत मी पाडली. सदाशिव वेडा नव्हता, आणि फाटक त्यानं लावलं होतं. एवढंच सांगायचं आहे. पण ते सांगण्यासाठी त्या हिवाळ्यात परत जावं लागेल. आणि लाज वाटली तरी कबूल करतो, तिथे जायला मला अजून आवडतं.

तो बाहत्तरच्या दुष्काळाचा हिवाळा. राहुरीजवळ कृषी विद्यापीठ नुकतं उभं राहत होतं. आज तिथे इतकी झाडी आहे की भर दुपारी गारवा लागतो. तेव्हा सावली हवी असेल तर इमारतीच्या भिंतीला चिकटून बसावं लागे, आणि भिंतीही सगळ्या पूर्ण झालेल्या नव्हत्या. आमच्या वसतिगृहाला गिलावा नव्हता. खोलीत दगडाचा आणि चुन्याचा वास असे. दोन लोखंडी खाटा, एक स्टोव्ह, खिडकीत माझ्या मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या. माझा विषय मृदाशास्त्र, सदाशिवचा वनस्पती प्रजनन. मी नगरच्या मास्तरांचा मुलगा, शेतीचं जे काही कळायचं ते पुस्तकातून. तो कर्जतच्या पुढच्या एका गावचा, ज्वारी खाऊन, ज्वारीच्या कडब्यावर झोपून वाढलेला. त्याच्या खाटेवर गादी नव्हती, वाकळ होती. थंडी वाढली की ती वाकळ अर्धी माझ्या अंगावर यायची, कशी ते मला सकाळी कळायचं.

त्या वर्षी काळ्या जमिनीला इतक्या रुंद भेगा पडल्या होत्या की हात कोपरापर्यंत आत जाई. मी त्या भेगांची खोली मोजत हिंडायचो. लोकांच्या पायाखालची जमीन फाटत होती आणि माझ्या प्रबंधाला त्याचा उपयोग होत होता. रस्त्यावर दुष्काळी कामं चालू होती. बाया खडी फोडत बसलेल्या असत आणि आम्ही पुस्तकं काखेत मारून त्यांच्या समोरून जायचो. सदाशिवचे आईवडील कर्जतकडे अशाच कामावर होते. त्या रस्त्यावरून जाताना तो बोलायचा नाही. बाकी वेळ मात्र त्याच्या तोंडात एकच विषय, त्याचा प्रयोगाचा पट्टा.

त्याच्या सरांनी आमच्याकडच्या रब्बी ज्वारीचा एका लवकर येणाऱ्या वाणाशी संकर केला होता. त्या संकराची पुढची पिढी सदाशिवनं पेरली होती, मुद्दाम पाण्यावाचून. पेरणीपुरता ओलावा मिळाला, नंतर थेंब नाही. बहुतेक झाडं वाळून गेली. काही उभी राहिली. उभ्या राहिलेल्यांतल्या निवडक झाडांच्या कणसांवर त्यानं फुलोऱ्यातच खाकी कागदी पिशव्या चढवल्या होत्या, दुसऱ्या झाडाचा पराग लागू नये म्हणून. पुढे पाखरांपासूनही त्या राखत होत्या. मागच्या पिढीचं बियाणं सरांच्या कोठीत होतं, पण त्यातलं कुठलं झाड असल्या वर्षात तगतं हे सांगणारी कणसं तेवढीच.

"असं साल प्रयोगाला मिळत न्हाई कुलकर्ण्या," तो म्हणायचा. "लोकांचं वाटोळं झालं, पन माझी निवड आभाळानंच करून दिली. ह्यातनं चार कणसं जरी हाताला लागली ना, तर आमच्याकडं पुढल्या टायमाला मान्सं खडी फोडणार न्हाईत."

पहाटे धुकं असताना तो पट्ट्याकडे निघायचा. मीही कधी कधी जायचो, झोप मोडली म्हणून कुरकुरत. धुक्यात त्या पिशव्या मुंडासं बांधलेल्या माणसांसारख्या दिसायच्या. तो एकेकीपाशी थांबायचा, खालून चिमटीत धरून दाणा किती भरला ते चाचपायचा, आणि पुढे जायचा. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मी पुढे इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिलं नाही. आम्ही परत यायचो तेव्हा ऊन पायऱ्यांवर आलेलं असे, मेसमधून स्टोव्हचा आवाज येत असे, आणि आपल्याला आयुष्यात आणखी काही लागेल असं मला वाटत नसे. त्या पायऱ्यांवर मी अजून मनानं जाऊन बसतो. शेजारची जागा रिकामी असते.

पट्ट्याभोवती काट्यांचं कुंपण होतं. एका बाजूला फाटक: लाकडी चौकट, तिच्यावर काटेरी तार, आणि खांबाला अडकवायचा तारेचा वेढा. वेढा घट्ट होता. तो वर चढवताना खांद्यानं चौकट रेटावी लागे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. प्रयोगाच्या पट्ट्याला चारी बाजूंनी कडेच्या ओळी असतात. त्यांचं उत्पन्न मोजत नाहीत. कडेच्या झाडाला वारा-ऊन जास्त मिळतं, त्यामुळे त्याचा आकडा धरून चालत नाही. ज्याचा आकडा नाही ते पोरांचं, असा अलिखित कायदा होता. हुरड्याच्या दिवसांत कडेच्या ओळी आम्ही खायच्या आणि सरांनी पाहून न पाहिल्यासारखं करायचं. पण त्या साली कडेला काही उरलंच नव्हतं. अर्धं वाळलं होतं. उरलेल्यावर सगळ्या शिवारातली पाखरं येऊन बसली होती, कारण त्यांनाही दुसरीकडे काही नव्हतं.

सदाशिवच्या वडिलांच्या पायावर दगड पडल्याचा निरोप आला. तो पहाटे उठला, जाताजाता पट्टा पाहून आला आणि कर्जतच्या एसटीला गेला. रविवार होता. दुपारी विलास खोलीत आला. विलास देवळाली प्रवऱ्याचा, उसवाल्या घरचा, अर्थशास्त्र शिकणारा. गप्प बसणं त्याला माहीत नव्हतं. मेसमध्ये तेव्हा रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी असायच्या. चावून चावून तोंड दुखायचं.

"कुलकर्ण्या, जिभेचं पार लाकूड झालं रं," तो म्हणाला. "चल हुरडा खाऊ."

"कुठला हुरडा? कडेला दाणा नाही."

"बघू तर. कडेच्या ओळी आपल्या हायेत. आपल्या इस्टेटीवर नजर टाकाया काय लागतं?"

मी पुढे होतो; फाटकाचा वेढा नीट चढवलेला होता, तो मी काढला, आणि विलास मागून आला तेव्हा फाटक उघडं होतं. कडेला खरंच काही नव्हतं. पाखरांनी पोकळ केलेली कणसं नुसती हलत होती. विलासनं एका पिशवीला टिचकी मारली. "ह्यात काय हाय?"

"सदाची कणसं. त्यांना हात लावायचा नाही."

"सगळी काय तो पेरणार हाय? एक काढून बघू. आत किडा पडला असंल तर त्यालाच कळलेलं बरं."

विलासला त्या पिशव्यांचं महत्त्व नीट कळत नव्हतं, असं मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. मला कळत होतं. सदाशिव रोज मला दुसरं काय सांगत होता? तरी दोरा सोडला तो मी. आत गच्च भरलेलं कणीस होतं, पाखरानं न शिवलेलं, हिरवटपणा नुकता सरत आलेलं. कितीतरी महिन्यांत असं काही पाहिलं नव्हतं. कोरड्या ओढ्यात विलासनं आगटी केली. एक कणीस झालं, मग दुसरं. घोंगडीवर बसून तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, तोंडात टाकायचं. ऊन उतरत होतं. विलास त्याच्या चुलत्याच्या नकला करत होता आणि मी पोट धरून हसत होतो. ती दुपार सुखाची होती. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. प्रत्येक वेळी उठून कणीस आणायला मीच जात होतो, आणि पिशव्या मोजायच्या नाहीत एवढं मात्र कटाक्षानं पाळत होतो.

निघताना पट्ट्याकडे पाहिलं. मोडलेल्या धाटांची रांग लांबूनही दिसत होती. विलास पुढे गेला होता. तो मान न वळवता म्हणाला, "फाटक लाव रं. गुरं हिंडत्यात."

त्या दिवसांत चारा नसल्यानं लोकांनी जनावरं मोकळी सोडली होती. संध्याकाळी ती कुंपणांना नाक लावून फिरायची. मी मागे वळलो, वेढा हातात घेतला, चौकट खांद्यानं रेटली. आणि थांबलो. गुरं आत शिरली तर मोडलेली कणसं कुणी मोडली हे कुणी विचारणार नाही, असा विचार मनात आला. आला आणि पूर्ण झाला. मी वेढा हळूच खाली सोडला. घाई नव्हती, विसरही पडला नव्हता. मी फाटक उघडं ठेवलं आणि विलासला गाठायला भराभर चालू लागलो.

सकाळी पट्ट्यात उभं असं काही नव्हतं. खूर, शेण, चिखलात नव्हे, धुळीत तुडवलेल्या खाकी पिशव्या. सरांनी एक पिशवी उचलून पाहिली. मग विचारलं, "शेवटी इथे कोण होतं?"

कुणीतरी म्हणालं, "सदाशिव. काल पहाटे. एसटीच्या घाईत होता."

"ज्याला साधं फाटक लावता येत नाही, त्यानं प्रयोग करू नये," सर म्हणाले. मी चार माणसं सोडून उभा होतो. त्या संध्याकाळी मेसचं दार वाऱ्यानं आपटत होतं. मी म्हणालो, "दार लावा रे कुणीतरी. सदाचं फाटक नको." पोरं हसली. विलास हसला नाही, ताटाकडे बघत राहिला. कणसं आम्ही खाल्ली हे त्याला माहीत होतं, पण फाटक मात्र सदाच उघडं टाकून गेला होता आणि निघताना मी ते लावायचं होतं, असं तो समजत होता. मी लावलं की नाही हे त्यानं मला कधी विचारलं नाही.

सदाशिव परत आला तेव्हा पहिल्यांदा म्हणाला, "म्या लावलं हुतं." ठामपणे म्हणाला. नंतर दोन-चार जणांनी विचारल्यावर, "लावलं असंल की." मग एकदा खाटेवर बसून माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "तू जागा हुतास ना? त्या पहाटे परत आल्यावर मी काय बोललो का फाटकाचं? मला खांद्यानं रेटल्याचं आठवतंय, पन ते त्या दिसाचं का आदल्या दिसाचं, कळंना झालंय."

मी म्हणालो, "तू घाईत होतास."

फाटक उघडं ठेवलं ते क्षणभराच्या भीतीनं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. या वाक्याला मात्र तसली सबब नाही. ते मी शांतपणे, खाटेवर बसून, मित्राला सांगितलं.

संक्रांत झाल्यावर तो ट्रंक घेऊन निघाला. सर दुसरा विषय द्यायला तयार होते. त्यानंच नको म्हटलं. राहुरीच्या स्टँडवर मी त्याची ट्रंक टपावर चढवली. तो म्हणाला, "वाकळ ऱ्हाऊ दे तुला. उन्हाळ्यात घिऊन जाईन." उन्हाळ्यात तो आला नाही. पुढे कर्जतकडेच एका शाळेत शिक्षक झाला, एवढं कळलं.

मी प्राध्यापक झालो. दर वर्षी नव्या मुलांची पहिली तुकडी शेतावर नेताना फाटकापाशी थांबून सांगायचो, "सदाचं फाटक करायचं नाही." मुलं हसायची. थट्टा म्हणून सुरू झालेलं धडा म्हणून शिकवू लागलो. बोलता बोलता मलाही कधी कधी वाटायचं की ते असंच घडलं होतं. पण पौष यायचा, वास यायचा, आणि तो तारेचा वेढा हाताला लागायचा.

यंदाच्या त्या हुरड्यानंतर मी कर्जतची एसटी पकडली. घरी कुणाला सांगितलं नाही. त्याचं गाव विचारत विचारत गेलो. घरासमोर ज्वारी उभी होती, दाणा धरलेली. सदाशिव ओट्यावर बसला होता. बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "कुलकर्ण्या. लई म्हातारा झालास की रं."

"तू काय तरुण राहिलायस?"

"मी कवा तरुण हुतो? तरुणपणाचं खातं तुमच्याकडं हुतं."

वहिनी चहा घेऊन आल्या, दाराशी टेकून बसल्या. मोकळ्या स्वभावाच्या बाई. मी जुना मित्र म्हटल्यावर त्यांनी नवऱ्याच्या तक्रारी माझ्यापुढे मांडल्या. "भाऊजी, तुमीच सांगा ह्यांना. गोठ्याचं दार लावत्यात, घरात येत्यात, परत उठून बघाया जात्यात. गाडीत बसलो तरी उतरून कुलूप वढून बघत्यात. पोरीच्या लग्नाला निघालो तर वऱ्हाड थांबवून माघारी आले. लगीन झाल्यापासनं बघतीय मी."

सदाशिव हसला. "त्याला ठावं हाय की ते. एकदा फाटक उघडं ऱ्हायलं, तवापासनं हाताचा इस्वास न्हाई."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं. सगळं, जसं वर लिहिलं आहे तसं, "तू घाईत होतास" यासकट. वहिनी आधी माझ्याकडे बघत होत्या, मग त्याच्याकडे बघायला लागल्या.

"इलासला ठावं हुतं?" त्यानं विचारलं.

"कणसांचं. फाटकाचं नाही. तो वारला मागेच."

"म्हंजी म्या लावलं हुतं."

"हो."

"ऐकलंस का?" तो बायकोला म्हणाला. "म्या लावलं हुतं." त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. तो शेताकडे बघत राहिला. ज्वारीवरून वारा जात होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफ न्हाई करायचा मी. ह्या वयात ते तुलाबी कामाचं न्हाई आन् मलाबी न्हाई." त्याचा आवाज चढला नव्हता. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. "तू खाल्लास ना? दाणा कसा हुता?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"दाणा रं. ती कणसं म्या पिशवीवरनंच चाचपली हुती. हुरड्यात आल्यावं उघडून बघायची हुती मला. बघितली तू. कसा हुता?"

मग त्यानं माझी तोंडी परीक्षाच घेतली. रंग? पांढरा, किंचित पिवळसर. टपोरा का बारीक? टपोरा. चोळल्यावर कोंडा सुटत होता का? लगेच सुटत होता, फुंकरीसरशी. गोडी? गोड होता. सगळ्यांचा? नाही, पूर्वेकडच्या ओळीतल्यांचा जास्त. पानं हिरवी होती का तेव्हा? ते आठवत नाही, म्हणालो. कणीस आखूड का लांब? तेही नक्की सांगता येईना. जे आठवत नव्हतं ते आठवत नाही म्हणून सांगितलं. बरं वाटावं म्हणून एकही उत्तर दिलं नाही. तो पुढे सरकून बसला होता. पहाटे धुक्यात जो चेहरा मी पाहायचो, तो सुरकुत्यांतून पुन्हा दिसत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"पूर्वेकडच्या," तो म्हणाला. "मला वाटलंच हुतं. म्हंजी आलं हुतं ते. जमलं हुतं."

निघताना तो रस्त्यापर्यंत आला. मी म्हणालो, हे सगळं लिहून छापायला देणार आहे, नावानिशी, तुझी हरकत नसेल तर.

"लिही की. पन फाटकाचं मागनं. दाण्याचं आधी लिही."

मी ते आधी लिहिलं नाही. सुरुवात भलतीकडूनच झाली, नेहमीसारखी स्वतःपासून. म्हणून निदान इथे त्याच्या क्रमानं लिहितो. बाहत्तरच्या सालात, पेरणीनंतर पावसाचा थेंब पडलेला नसताना, सदाशिवच्या पट्ट्यात पूर्वेकडच्या ओळींत दाणा भरला होता. पांढरा, टपोरा, गोड, चोळताच कोंडा सोडणारा. हे मी खाऊन सांगतो आहे. आणि फाटक त्यानं लावलं होतं.